स्टुडिओ टाकायचाय? आधी रजिस्टर घ्या

दर अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कुणीतरी पोरगा दुकानात येतो आणि विचारतो, "ताई, स्टुडिओ टाकायचा म्हणतोय, कॅमेरा कोणता घेऊ?" अमळनेरात या धंद्यात आमची तिसरी पिढी, म्हणून विचारतात. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. कॅमेरा कुठलाही घ्या, पण त्याआधी एक जाडजूड रजिस्टर घ्या.

आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं दुकान चाललं ते दोन गोष्टींवर: प्रताप मिल या कापडगिरणीचा पगार आणि सखाराम महाराजांची यात्रा. यात्रा भरते वैशाखात, बोरी नदीच्या पात्रात. तिथे आबांचा तंबू असायचा. ताजमहाल रंगवलेला पडदा, लाकडी चंद्रकोर, पुठ्ठ्याची मोटारसायकल. गिऱ्हाइकांची रीघ लागायची आणि नेमका तेव्हाच पारा ४३-४४ वर. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, नीट काम करतो २० अंशांना. तिशीच्या वर गेलं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, कडेने सुटायला लागतो, आणि नवऱ्या मुलाचं नाक कानाकडे सरकतं. म्हणून आबा फिल्म धुवायचे पहाटे तीनला. ट्रे बर्फाच्या घमेल्यात ठेवायचा, बर्फ ट्रेमध्ये टाकायचा नाही, नाहीतर डेव्हलपर पातळ होतो. हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, तुरटी, थर घट्ट राहावा म्हणून.

पाण्याचीही तीच रड. कागदावरचा हायपो निघून जायला प्रिंट वाहत्या पाण्यात तासभर तरी धुवावी लागते. आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळातल्या प्रिंटा आहेत. प्यायलाच पाणी नव्हतं तिथे फोटो कोण धुतो! सगळ्या पिवळ्या पडल्यात, डाग उमटलेत. त्याच वर्षाच्या निगेटिव्ह मात्र शाबूत आहेत. फिल्मवरचा हायपो थोड्या पाण्यातही निघतो, आणि आबांनी तेवढं घरातलं पिण्याचं पाणी त्यांच्यासाठी काढून ठेवलं होतं. आजीने त्यावरून काय ऐकवलं असेल, कल्पना करा.

आता बसवण्याबद्दल, कारण हे कुठल्याही कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत. आपल्याकडचं गिऱ्हाईक म्हणजे उन्हात रापलेला चेहरा, वर पांढरी टोपी, खाली पांढरा सदरा. कॅमेऱ्याला ऑटोवर सोडलं की तो त्या पांढऱ्यालाच भुलतो आणि चेहरा काळवंडतो. उजेड चेहऱ्याचा मोजा. मागचा पडदा राखाडी ठेवा. डोक्यावर पदर असेल तर कपाळावर सावली पडते. मांडीवर थर्माकोलचा तुकडा ठेवला की गेली. चष्म्यात दिवा दिसत असेल तर काड्या कानावर जराशा उचला, चष्मा पुढे झुकतो, चकाकी जाते. "हसा" म्हणू नका, माणूस दात दाखवतो. पाऊस किती झाला ते विचारा. मी बाई असल्याचा एक फायदा सांगते: स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी आलेल्या मुलीचा पदर, केस मला हाताने सारखे करता येतात, आणि तिची आई निर्धास्त बसते.

वेळ काढून चाळीसगावला जाऊन या. स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंतून त्यांनी आख्खे देखावे उभे केले, तेही घराबाहेर न पडता. उजेड म्हणजे काय हे तिथे दोन तासांत कळतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. पासपोर्ट साइजवर दुकान चालेल या भ्रमात राहू नका. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. आधारसाठी फोटो जागेवरच काढतात. नानांनी, माझ्या वडिलांनी, ती बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "आता आठ कॉप्या विसर." अगदी तसं झालं नाही, पण फार चुकलेही नाहीत. लग्नाच्या ऑर्डरी मिळतात, पण उधारी लग्नापेक्षा लांबते. आणि एकदा माझी हार्ड डिस्क बसली, त्यात तीन लग्नं गेली. दुसरी कॉपी नव्हती. चूक सर्वस्वी माझी.

म्हणून रजिस्टर. आबांच्या रजिस्टरात अनुक्रमांक, नाव, गाव, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: "टोपीसह", "डावा डोळा लहान", "पैसे कपाशीनंतर". पाकिटावर तोच क्रमांक. गिऱ्हाइकाला तारीख आठवत नाही, तेव्हा विचारायचं, कुणाच्या लग्नाच्या आधी की नंतर.

गेल्या वर्षी पातोंड्याकडचा एक माणूस आला. वडील वारले होते, गंधमुक्तीच्या विधीला फोटो हवा होता, घरात एकही धड नव्हता. शेतावरच्या माणसाकडे कुठून असणार. गावावरून शोधलं, पाकीट सापडलं, निगेटिव्ह स्कॅन केली. तरुण, गुळगुळीत गालांचा माणूस. मुलाने स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"हाऊ मन्हा बाप नही. त्यासना तोंडवर देवीना वण व्हतात."

मी चित्र मोठं केलं. गालांवर पेन्सिलीचे बारीक बारीक गोल दिसले. आबांनी रिटचिंगच्या टेबलावर बसून एकेक व्रण भरला होता. शेऱ्यात लिहिलं होतं, "स्थळासाठी". पेन्सिल धरावी म्हणून निगेटिव्हवर जे रोगण लावतात ते टर्पेंटाइनने सुटतं. कापसाचा बोळा भिजवून मी हलक्या हाताने तो थर पुसला, वाळू दिलं, पुन्हा स्कॅन केलं. व्रण जिथल्या तिथे होते.

त्याने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली आणि खिशातून चष्मा काढला.