पिथिया आणि हरविग यांची तुलना: आधी टक्कर सारखी करा

पिथिया ८ आणि हरविग ७ हे कणांच्या टकरी संगणकावर घडवणारे प्रोग्राम, म्हणजे जनरेटर. त्यांचे आलेख जुळले नाहीत की खापर लगेच मॉडेलवर फुटतं. खोदून पाहिलं तर बरेचदा फरक सेटिंगमधला निघतो.

सुरुवात प्रोटॉनपासून करू नका. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्कर घ्या, ऊर्जा ९१.२ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट), आणि झेड बोसॉनचा क्षय फक्त क्वार्कांमध्ये होऊ द्या. मग पार्टन शॉवर (क्वार्क-ग्लुऑनांमधून आणखी क्वार्क-ग्लुऑन फुटत जाणं) आणि त्यांच्यापासून हॅड्रॉन, म्हणजे क्वार्कांचे जोडकण, बनण्याची रीत एवढंच तपासायचं उरतं. पिथियाचा शॉवर आडव्या संवेगाच्या क्रमाने उतरतो आणि क्वार्कांमधली ताणलेली लुंड स्ट्रिंग तुटून हॅड्रॉन होतात. हरविगचा नेहमीचा शॉवर कोनाच्या क्रमाने चालतो आणि क्वार्कांचे छोटे गट, म्हणजे क्लस्टर, फुटून हॅड्रॉन होतात. टकरीआधीचं फोटॉन उत्सर्जन दोन्हीकडे बंद ठेवा, नाहीतर टकरीची ऊर्जाच घसरते.

दर घटनेत, म्हणजे दर टकरीत, सरासरी २१ च्या आसपास विद्युतभारित कण यायला हवेत. आकडा १९ जवळ अडकला तर लघुजीवी केऑन आणि लॅम्ब्डा हे कण तुटलेच नाहीत, असं समजा. लेप या जुन्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्राच्या मोजणीत त्यांच्या क्षयातून आलेले कण धरलेले असतात. अ‍ॅटलास या प्रोटॉन टकरींच्या प्रयोगाच्या ७ टीईव्ही (७,००० जीईव्ही) मोजणीत मात्र ते धरत नाहीत: तिथे ३० पिकोसेकंदांपेक्षा जास्त जगणारा कण स्थिरच. म्हणून प्रोटॉनकडे वळताना आयुर्मानाची मर्यादा १० मिलिमीटरवर (आयुर्मान गुणिले प्रकाशाचा वेग) लावा, आणि दोन्ही जनरेटरांत लावा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

प्रोटॉनसाठी दोन्हीकडे एकच पार्टन वितरण (प्रोटॉनमधल्या क्वार्क-ग्लुऑनांत संवेग कसा वाटलाय त्याचा तक्ता) लावावं, हा मोह आवरा. पिथियाचा मोनॅश ट्यून, म्हणजे मोजणीशी जुळवलेल्या सेटिंगांचा संच, त्याच्या ठरलेल्या वितरणावरच बसवलेला आहे. वितरण बदललं की बहुविध टकरींचं (एकाच प्रोटॉन जोडीत एकाच वेळी होणाऱ्या अनेक पार्टन टकरींचं) गणित हलतं, मग तुम्ही तुलना करता ती बिघडलेल्या ट्यूनची.

लाखभर घटनांची हेपएमसी (घटना साठवण्याचा ठरलेला साचा) फाइल सहज काही जीबींची होते. ती डिस्कवर लिहूच नका, नेम्ड पाइपमधून (डिस्कवर न साठवता एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारी वाट) थेट रिव्हेटला, म्हणजे घटनांचे आलेख काढून मोजणीशी ताडणाऱ्या प्रोग्रामला, द्या. आलेखाच्या एका कप्प्यात १०० नोंदी असतील तर सांख्यिकी चूक १० टक्के, १ टक्क्यासाठी १०,००० लागतात. हे झालं सारख्या वजनाच्या घटनांचं. काही घटनांची वजनं ऋण असतील तर नोंदी मोजून भागत नाही: वजनांच्या बेरजेच्या वर्गाला वजनांच्या वर्गांच्या बेरजेने भागा, येईल तेवढ्याच नोंदी धरा.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ कडे जातो. दुपारी लॅपटॉप तापून प्रोसेसर स्वतःच मंदावतो, वीज गेली तर सगळंच गेलं. म्हणून रात्री, ५०,००० घटनांच्या तुकड्यांत चालवा. प्रत्येक तुकड्याला वेगळा सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा) हवा आणि सीड बदलण्याचा पर्यायही चालू हवा. तो बंद राहिला तर पिथिया दरवेळी १९७८०५०३ हाच सीड घेतो, आणि दहा तुकड्यांत त्याच त्या घटना दहादा येतात; चूकपट्टी बारीक दिसते, पण माहिती तेवढीच. शेवटी रिव्हेट-मर्जने तुकडे जोडताना ते समतुल्य असल्याचा पर्याय द्या, नाहीतर रिव्हेट त्यांना दहा निराळ्या प्रक्रिया समजून क्रॉस-सेक्शन (टक्कर होण्याच्या शक्यतेचं माप) दहापट करून ठेवेल.