साडेतीन की साडेचार? माग्डेबुर्गला नवीन आलेल्यांसाठी

दर ऑक्टोबरला तेच प्रश्न येतात. कुकर आणू का, स्वेटर तिकडूनच घेऊ का, रूम मिळेल का. एकेकाला उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतेय. मी 2018 च्या ऑक्टोबरात सांगलीहून इथे, जर्मनीतल्या माग्डेबुर्गला, मास्टर्सला आले. दोन वर्षांच्या मास्टर्सला मला अडीच वर्षांहून जास्त लागली. अभ्यास अवघड होता म्हणून नव्हे. का लागली ते पुढे सांगते, आणि जरा लांबण लावून सांगते, कारण दर वर्षी त्याच खड्ड्यात कुणीतरी पडताना दिसतं.

आधी पहिल्या पंधरवड्याची कामं. ती भराभर सांगते, तुमचे सीनिअर्स सांगतीलच. राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत अन्मेल्डुंग, म्हणजे महापालिकेत पत्त्याची नोंद. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो देत नाही म्हणणाऱ्याची रूम घेऊ नका, आणि न पाहिलेल्या रूमचं डिपॉझिट कुणालाही पाठवू नका. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवतो त्या खात्यातून, महिन्याला 992 युरो सुटतात, आमच्या वेळी 720 सुटायचे. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे. त्याहून जास्त आणि रोखीत करायला सांगणारे आपलेच लोक भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार. रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना 18.36 युरो. घरात टीव्ही नसला तरी भरावी लागते, पण ती माणशी नसून घरटी एक, म्हणजे एका घराला एक असते. चौघं राहत असाल तर वाटून घ्या. रविवारी दुकानं बंद. शनिवारी दूध आणा.

आता पत्रपेटी. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो, नाव नसेल तर पत्र परत नेतो. म्हणून किल्ली हातात आली की सामान उघडायच्या आधी चिठ्ठीवर आडनाव लिहून पेटीवर आणि दारावरच्या बेलवर चिकटवा. बँकेचं कार्ड एका पत्रात येतं, त्याचा पिन दुसऱ्या. विमा, व्हिसाची तारीख, दंड, सगळं पत्रानेच. इथे कुणी फोन करून ‘अहो, तुमचं एक काम राहिलंय’ म्हणत नाही. सांगलीत बँकेतले काका बाबांना रस्त्यात थांबवून सांगायचे, एफडी संपतेय म्हणून. तो प्रकार विसरा. पत्र पाठवलं म्हणजे तुम्हाला कळलं, असा इथला हिशोब आहे. विद्यापीठाच्या ईमेलचंही तेच. सगळे जीमेल बघतात आणि विद्यापीठाच्या खात्यावर न वाचलेल्या चारशे मेल्स. त्या चारशेत एक तुमच्या सहा महिन्यांची असते.

इथून माझी गोष्ट.

घरापासून आपण उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतो, हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हिवाळ्यात इथे सहाचं लेक्चर सुटतं तेव्हा सांगलीत साडेदहा वाजलेले असतात, आई-बाबा पांघरुणात. त्यामुळे घरी फोन करायचा तर दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवताना. आणि उलट बघा: महाराष्ट्रात सकाळी आठला जे काही सुरू होतं, मतमोजणी, शपथविधी, धरणाचे दरवाजे, ते इथे पहाटे साडेतीन-साडेचारला. म्हणजे तिकडच्या बातमीचा दिवस तुमच्या झोपेत उगवतो. फोन उशाशी असला की संपलं.

2019 चा ऑगस्ट. आमची सेमिस्टरची परीक्षा ऑगस्टात होती, आणि त्याच आठवड्यात कृष्णेला पूर आला. आमचं घर गावभागात. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. तेव्हा पाणी 57 च्या वर गेलं. मी रूमवर बसून दर दहा मिनिटांनी फुटांचा आकडा बघत होते. एका टॅबवर कोयनेचा विसर्ग, दुसऱ्यावर अलमट्टीचा, तिसऱ्यावर न्यूज चॅनेल. समोर कंट्रोल थिअरीच्या नोट्स, त्याच पानावर तीन दिवस. ग्रुपवर एक व्हिडिओ आला, पाण्यात बुडालेला चौक. मी तो न बघताच आईला पाठवला आणि फोन केला, ‘तुम्ही निघा आधी तिथून!’ आई माडीवर गॅस सिलिंडर आणि तांदळाचा डबा चढवून बसली होती. म्हणाली, ‘अगं, हा 2005 च्या पुरातला आहे. आणि बातम्या तू आम्हाला सांगू नकोस. पाणी आमच्या चौथ्या पायरीवर आहे, आम्हाला दिसतंय.’

घरचे सुखरूप राहिले. मी पेपरला गेले नाही. नुसती गेले नाही. डॉक्टरकडे जाऊन ‘झोप नाही, परीक्षेच्या अवस्थेत नाही’ असं सांगता येतं, दाखला मिळू शकतो, तो वेळेत परीक्षा कार्यालयात द्यायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. न सांगता गैरहजर म्हणजे 5.0. इथे 1.0 सगळ्यात चांगला आणि 4.0 ला पास, 5.0 म्हणजे नापास, एक संधी खर्च. बहुतेक ठिकाणी एकूण तीनच मिळतात. घरी खरंच संकट आलं तर दोन रस्ते आहेत: मुदतीच्या आत पेपरमधून नाव काढून घ्या, किंवा डॉक्टरचा दाखला. तिसरा रस्ता, रूमवर बसून रडणं, हा मी वापरून बघितलाय. चालत नाही.

तरी पुरासाठी मी स्वतःला दोष देत नाही. चूक झाली ती नोव्हेंबरात, आणि तिला काही कारण नव्हतं. निव्वळ करमणूक होती.

विधानसभेचे निकाल 24 ऑक्टोबरला लागले आणि सरकार बनेना. आठवतं ना ते? रोज नवीन बैठक, रोज नवीन समीकरण, 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट. मी इथल्या पहाटे उठून लाइव्ह बघायची आणि सकाळच्या लेक्चरला डुलक्या काढायची. 23 तारखेच्या पहाटे साडेतीनला फोन थरथरायला लागला: फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी. तिथून झोप नाही. आमच्या मराठी पोरांच्या ग्रुपवर तीन दिवसांत दोन हजार मेसेज. 26 ला राजीनामे, 28 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांची शपथ. 29 ला सकाळी मी शांतपणे राहिलेल्या पेपरची नोंदणी करायला पोर्टल उघडलं. मुदत सोमवारी, 25 ला रात्री बारा वाजता संपली होती. विद्यापीठाच्या ईमेलवर आठवण करून देणाऱ्या दोन मेल्स येऊन पडल्या होत्या, दोन्ही न उघडलेल्या.

परीक्षा कार्यालयातल्या बाईंकडे गेले. माझं सगळं ऐकून घेतलं, कॅलेंडर माझ्याकडे वळवलं आणि पेनाच्या टोकाने 25 वर टकटक केलं. एवढंच. रागावल्या नाहीत, समजावलंही नाही. तेव्हा फार राग आला होता मला. आता वाटतं, आपण अडीच महिने कॅलेंडर न बघता बसलो तर त्या बिचारीने काय करायचं? आपल्याला ‘जरा बघा ना काहीतरी’ची सवय असते. इथे ते वाक्य भाषांतर करूनही पोचत नाही.

तो पेपर सुटल्याशिवाय थीसिसची नोंदणी होत नव्हती. थीसिस एप्रिल 2020 ऐवजी ऑक्टोबरवर गेला. सहा महिन्यांचं भाडं, विमा, सेमिस्टर फी, जेवणखाण मिळून साधारण साडेचार हजार युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेतीन लाखांच्या वर. शिवाय व्हिसा वाढवायला खात्यात पुन्हा पैसे दाखवा. बाबांनी हळदीचे पैसे यायची वाट न बघता पतसंस्थेतून उचल घेतली. मुख्यमंत्री कोण झाला त्याने माझ्या आयुष्यात काडीचा फरक पडला नाही. त्या सोमवारने पडला.

म्हणून माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. रात्री फोन खोलीबाहेर चार्जिंगला; उठवायला दहा युरोंचं घड्याळ घ्या. घरचे दोन नंबर सायलेंटवरही वाजतील असे लावून ठेवा, तातडीचं असेल तर ते फोन करतील, चॅनेल करणार नाही. बातम्या दिवसातून एकदा, आणि वाचायच्या, बघायच्या नाहीत. मी दुपारी मेन्सात ई-पेपर उघडते: आधी सांगली आवृत्ती, मग राज्य. तोवर तिकडे संध्याकाळ झालेली असते, सकाळच्या निम्म्या ब्रेकिंग न्यूज आपोआप खोट्या ठरलेल्या असतात. इथली त्या वर्गणीवर चालणारी सार्वजनिक वाहिनी रात्री आठला पंधरा मिनिटांत जगाच्या बातम्या संपवते, कुणी ओरडत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, हे काय मिळमिळीत! आता जर्मन सुधारायला तुम्हालाही तेच सांगेन: रोज ती पंधरा मिनिटं.

बातम्या सोडाच, असं सांगणारेही भेटतील. ‘आपण आता बाहेर आलो, काय करायचंय तिकडचं’ म्हणणारे. त्यांचं मला पटत नाही. त्यातलेच गणपतीत सगळ्यात मोठ्याने झांजा वाजवतात. दुसरी जात त्याहून अवघड. इथे येऊन ज्यांचा पक्षाभिमान दुप्पट होतो ती. 2022 ला शिवसेना फुटली तेव्हा माझ्या ओळखीच्या एका फ्लॅटमध्ये दोन मुलांनी कुकर वेगळे केले. तिकडे वर्षा बंगला सुटला, इकडे वरणभात. अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत, आणि दोघांनीही मतदान केलेलं नाही, कारण मत द्यायला तिथे केंद्रावरच उभं राहावं लागतं. भारतीय पासपोर्ट असला तरी इथून पोस्टाने मत देता येत नाही. तेव्हा राजकारण घरात बोलायचंच असेल तर ताटं उचलल्यावर.

बातमी उलट्या दिशेनेही जाते, हे मात्र कुणी सांगत नाही. 20 डिसेंबर 2024, शुक्रवार, संध्याकाळी सातनंतर इथल्या ख्रिसमस बाजारात एकाने गर्दीत गाडी घातली. आल्टर मार्क्टवर, जिथे आपण सगळेच त्या दिवसांत जातो. मी घरी भाजी चिरत होते, मला पत्ताही नव्हता. मिरजेच्या मावशीचा फोन आला तेव्हा तिकडे मध्यरात्र होत आली होती: ‘तू कुठे आहेस?’ आधी मला वाटलं, तिकडेच काहीतरी झालं. मग बाहेर सायरन ऐकू आले. त्या रात्री आमच्यातली एक मुलगी फोन बंद करून झोपली होती, आणि तिचे वडील नाशिकहून पहाटेपर्यंत तिच्या रूममेट्सचे नंबर शोधत होते. म्हणून आजच करा: एका रूममेटचा नंबर घरी देऊन ठेवा, आणि इथे काहीही घडलं तर सगळ्यात आधी घरच्या ग्रुपवर दोन शब्द, ‘मी ठीक’. तपशील नंतर.

एल्बेच्या काठी फिरायला जा. 2013 च्या जूनमध्ये या नदीलाही मोठा पूर आला होता. माझ्या आधीच्या घरातल्या तळमजल्यावरच्या आजी वाळूची पोती भरायला गेल्या होत्या, वय सत्तरच्या पुढे. 2019 ला मी जिन्यात रडत होते तेव्हा त्यांना माझं इंग्रजी कळत नव्हतं आणि मला त्यांचं जर्मन. मी फोनवरचा आयर्विन पुलाचा फोटो दाखवला. त्यांनी हात छातीपर्यंत उंच करून विचारलं: एवढं? मी डोक्यावर हात नेला. मग त्यांनी मला आत नेऊन बटाट्याचं सूप दिलं. जर्मन लोक थंड असतात म्हणतात ते खरं आहे, पण जिन्यात रोज ‘हालो’ म्हणत राहा. दार उघडायला वेळ लागतो, इतकंच.

आता कुकर. आणा, तीन लिटरचा, सपाट बुडाचा, कारण गॅस नसतो, विजेची शेगडी असते. सोबत दोन जादा रिंगा. स्वेटर इथे घ्या. श्रीखंडाला चक्का टांगत बसू नका, क्वार्क नावाचं मिळतं, ते रात्रभर फडक्यात ठेवलं की झालं. आणि फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा. छताला धुराचा अलार्म असतो, त्याला मोहरी आणि आग यातला फरक कळत नाही.