मॅटर आधी वाचा, फाइल नंतर उघडा

पेन टूल, लेअर, मास्किंग ही डिझाइन सॉफ्टवेअरमधली हत्यारं तुम्हाला येतात असं धरूनच लिहितोय. ग्राफिक डिझाइनच्या क्लासचं सर्टिफिकेट हातात आलेल्यांना पहिली गोष्ट कडूच सांगतो: तुम्ही अजून ऑपरेटर आहात, म्हणजे दिलेला मजकूर कॉम्प्युटरवर लावून देणारे. त्यात कमीपणा काही नाही, अशा डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर पानं लावण्याच्या) कामावर कितीतरी घरं चालतात. पण डिझायनरचं काम वेगळं.

मी बराच काळ अडकलो ते एकाच ठिकाणी. मॅटर, म्हणजे क्लायंटने पाठवलेला मजकूर, आलं की न वाचता फाइल उघडायची. हे इतकं साधं वाटतं की कुणी बोलत नाही, म्हणून जरा लांबण लावतो. समजा, गावात मोफत नेत्रतपासणी शिबिर आहे, त्याचा फ्लेक्स करायचाय. व्हॉट्सॲपवर मॅटर येतं: अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, निमंत्रक, शुभेच्छुक, सगळ्यांचे फोटो आणि तळाशी तारीख. फाइल उघडली की आपण आधी फोटो कापायला बसतो, कारण ते हातात बसलेलं असतं. मग बॅकग्राउंड, मग ग्लो, मग नावांना स्ट्रोक. तारखेच्या वाट्याला उरलीसुरली जागा. आणि शिबिर ज्यांच्यासाठी आहे त्या आजी रस्त्यापलीकडे एसटीची वाट बघत उभ्या आहेत, त्यांना आधीच धूसर दिसतंय. त्या फ्लेक्सवरून त्यांना काय कळणार?

म्हणून मॅटरचा प्रिंट काढा आणि पेन्सिलने क्रम टाका. काय आहे, कधी, कुठे, फोन, मग मान्यवर. कागदावर चौकटी आखा. क्लायंट म्हणेल, साहेबांचा फोटो मोठा हवा. द्या मोठा, पण तारखेची जागा सोडू नका, आणि का सोडत नाही ते त्याला समजावून सांगा. पैसे त्या 'का'चे मिळतात.

घाबरू नका, ही नजर सरावाने येते. सुरुवात देवनागरीपासून करा. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरचं ऑटो लीडिंग, म्हणजे ओळींमधलं आपोआप धरलेलं अंतर, अक्षराच्या मापाच्या 120 टक्के असतं, म्हणजे 12 पॉइंटच्या अक्षराला 14.4 पॉइंट. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार. बऱ्याच फाँटांत त्या अंतरात ओळी एकमेकींना चिकटतात. मी 17-18 पॉइंटपासून सुरू करतो. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलंत तर शिरोरेघ तुटते. सॉफ्टवेअर यातलं काहीच चूक म्हणून दाखवत नाही, ते डोळ्यांनीच पकडावं लागतं.

रेडीमेड टेम्प्लेटवर शिकू नका, हे माझं ठाम मत. तिथे क्रम दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच मजकुरासाठी लावलेला असतो. व्हिडिओ बघण्यापेक्षा ऑफसेट प्रेसमधल्या मशीनमनशेजारी दुपारभर उभे राहा. बारीक काळी अक्षरं छपाईच्या चारही रंगांत दिली आणि रजिस्टर, म्हणजे रंगांचं एकावर एक नेमकं बसणं, जरासं हललं की कडेला रंगीत सावली येते, हे तो छापील कागदावर दाखवेल. त्यानंतर 'फक्त काळ्यात द्या' हे कुणी सांगावं लागत नाही.

अक्षरं रेखाटणारे कलाकार कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं हाताने काढली. नाटकाच्या जुन्या जाहिराती मिळवा आणि त्यांची अक्षरं ट्रेस करा. कुठलं वळण कुठल्या नाटकासाठी घेतलंय ते हाताला कळू लागतं.

पोर्टफोलिओत तीनच कामं ठेवलीत तरी चालेल. प्रत्येकासोबत क्लायंटकडून आलेलं मूळ मॅटर आणि तुमचा पेन्सिलचा कागद जोडा. मुलाखतीत मी तरी आधी तो कागदच मागतो.