धुक्यातील निसर्गचित्रण : येऊर आणि उपवन

पावसाळ्यात ठाण्यातील येऊरच्या डोंगरावर उतरलेले ढग असोत वा हिवाळ्यातील पहाटे तिथल्याच उपवन तलावावर पसरलेले धुके, चौकटीत जवळचा एखादा गडद आकार, उदाहरणार्थ काठावरचे झाड, अवश्य घ्यावा. कारण अंतर वाढते तसा धुक्यात रंग आणि छायाप्रकाशातील भेद विरत जातो व दृश्याची खोली त्या गडद आकाराच्या तुलनेतच जाणवते. ऑटोफोकस अडखळल्यास त्याच आकाराच्या कडेवर फोकस करावा. डोंगराचे एकामागचे एक थर दाखवण्यासाठी ७०-२०० मिमीची (दूरचे जवळ आणणारी) लेन्स रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्सपेक्षा सरस ठरते. पांढऱ्या धुक्याला कॅमेऱ्याचा मीटर (प्रकाशमापक) करडे करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) साधारण +१ स्टॉपपर्यंत, म्हणजे दुपटीपर्यंत, वाढवून हिस्टोग्राम (चित्रातील उजळ-गडद भागांचे प्रमाण दाखवणारा आलेख) तपासावा. शहरावरचे धुरकट, पिवळसर धुरके मात्र (निदान माझ्या मते) कृष्णधवल छायाचित्रातच शोभते.