आधी कात्री, मग कॅमेरा : ले-आउटमधलं उद्यान सुरक्षित करताना

ले-आउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतल्या, उद्यानात एखादीच्या गळ्यातली चेन ओढली गेली की दुसऱ्या दिवशी मागणी येते ती कॅमेऱ्याची. कॅमेरा हवाच, पण तो शेवटी. आधी संध्याकाळी साडेसात वाजता, दिवे लागल्यावर, मेजरिंग टेप, वही आणि मोबाइल घेऊन अख्ख्या उद्यानाची एक फेरी मारा. सकाळी सहाला मॉर्निंग वॉकच्या गर्दीत जे उद्यान दिसतं, ते हे नसतंच. सोबत रोज येणारी एखादी आजी आणि कॉलेजात जाणारी एखादी मुलगी असू द्या. कुठून जायचं टाळता, एवढंच विचारा. त्या ज्या जागा दाखवतील, त्यातल्या निम्म्या तरी कुठल्याच तक्रारवहीत नसतात.

फेरीआधी उद्यान कुणाचं आहे ते शोधा. नागपुरात काही उद्यानं महापालिकेची, काही नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची), काही जागा सोसायटीच्या ताब्यात. महाराजबाग तर कृषी विद्यापीठाची. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनाभर फिरतो आणि तिथेच विरतो. महापालिकेचं उद्यान असेल तर झोन कार्यालयात लेखी द्या. ‘दिवे बंद आहेत’ असं मोघम लिहू नका. खांबाचा क्रमांक, कोणत्या गेटपासून किती पावलं, रात्रीचा फोटो, आणि पोच घेतलेली दुसरी प्रत. खांबावर क्रमांक नसेल तर आधी पिवळ्या ऑइल पेंटने तो टाका. हे काम एका रविवारी होतं.

झुडपं आणि दिवे

नियम सोपा आहे : पायवाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपं दोन फुटांच्या वर नकोत आणि झाडांच्या फांद्या सात फुटांच्या खाली नकोत. मधल्या पाच फुटांतून पलीकडचं माणूस दिसलं पाहिजे. मेंदीचं आणि डुरांटाचं कुंपण आपल्याकडे पावसाळ्यात बघता बघता छातीएवढं होतं, म्हणून जुलै ते ऑक्टोबर दर तीन आठवड्यांनी छाटणी लागते. उन्हाळ्यात दोन महिन्यांतून एकदा पुरते. स्वच्छतागृहाचं दार आणि पायवाटेची वळणं आधी मोकळी करा. झाडाची फांदी तोडायची असेल तर मात्र महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायदा, १९७५ लागू होतो. वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी काढूनच कुऱ्हाड उचला.

दिव्यांच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे एकच भला मोठा हॅलोजन लावणं. त्याच्या झगमगाटात डोळे दिपतात आणि त्यापलीकडचा अंधार आणखी गडद वाटतो. चार मीटर उंचीच्या खांबांवर, प्रकाश खाली टाकणारे एलईडी, साधारण १२ ते १४ मीटर अंतरावर बरे. तपासणीही सोपी : दहा-बारा मीटरवर उभ्या माणसाचा चेहरा ओळखू आला की प्रकाश पुरेसा. दिवा झाडाच्या पानांत बुडाला असेल तर नवा दिवा मागण्याआधी ती फांदी बघा.

आणि टायमर. नागपुरात डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास. उन्हाळ्यात सातला लावलेला टायमर कुणी बदलत नाही, त्यामुळे हिवाळ्यात तब्बल तासभर उद्यान अंधारात असतं, तेही लहान मुलांच्या खेळण्याच्या वेळी. सूर्यास्ताप्रमाणे आपोआप बदलणारा टायमर किंवा अंधार पडला की दिवे लावणारा फोटोसेल बसवा. फोटोसेलवर धूळ आणि कोळ्याची जाळी बसते. दिवसा दिवे जळत राहिले की आधी तो पुसून बघा.

खांबांतला करंट

पावसाळ्यात सर्वांत जास्त धास्ती घ्यावी अशी हीच जागा. खांबाच्या पायथ्याशी जंक्शन बॉक्स असतो, झाकण हरवलेलं असतं, आतले जोड नुसत्या काळ्या टेपवर. लहान मुलाचा हात बरोबर तिथेच पोचतो. जूनचा पहिला आठवडा उजाडण्याआधी विद्युत ठेकेदाराकडून तीन गोष्टी करून घ्या : प्रत्येक बॉक्सला चावीने उघडणारं झाकण, प्रत्येक खांबाला अर्थिंग, आणि विजेच्या पॅनलमध्ये ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच. या आरसीसीबीवर एक टेस्ट बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, ती पडली (आपोआप बंद झाली) पाहिजे. पडली नाही तर ती बदलायची.

पावसात आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती काढून सरळ जोडणारे महाभाग भेटतात. ती पडते म्हणजे कुठेतरी करंट जमिनीत जातोय, हेच ती सांगतेय. उपाय असा की उद्यानाचे तीन-चार सर्किट वेगळे करा आणि प्रत्येकाला स्वतंत्र आरसीसीबी द्या. मग एक कोपरा अंधारात जाईल, सगळं उद्यान नाही, आणि दोष कुठल्या ओळीत आहे तेही कळेल. केबल आर्मर्ड (पोलादी कवचाची), अडीच फूट खोल, वर रेती आणि विटांची ओळ. माळ्याची कुदळ विटेवर आपटली की तो थांबतो. कारंज्याच्या पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच. कुणी खांबाला चिकटलं तर हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा. म्हणून पॅनल कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे, हे चौकीदाराबरोबर आणखी दोघांना माहीत हवं.

खेळणी : टेप, प्लायचे दोन तुकडे आणि एटीएम कार्ड

झोपाळ्याखाली मुरूम किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर आधी तेच काढा. मुरूम दोन पावसात दगडासारखा बसतो. गिट्टीची चुरीही तशीच बसते. धुतलेली, जाड कणांची नदीची रेती घ्या, थर ३० सेंटिमीटर. समजा खेळण्याची जागा ६ बाय ८ मीटर आहे, तर १४.४ घनमीटर, म्हणजे साधारण पाच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) रेती लागेल. खाली दहा सेंटिमीटर गिट्टी आणि पाणी निघायला पाइप घाला, नाहीतर ऑगस्टमध्ये डबकं होईल आणि रेती दगडावाणी होऊन बसेल. मुलांच्या पायांनी झोपाळ्याखाली खळगा पडतो, म्हणून आठवड्यातून एकदा दाताळ्याने ओढून थर सारखा करा आणि बाजूच्या खांबावर ३० सेंटिमीटरची खूण रंगवून ठेवा. रबरी टाइल्स दिसतात छान, पण २५ मिलिमीटरची पातळ टाइल सहा फुटांच्या घसरगुंडीखाली पुरत नाही. खेळण्याच्या चारही बाजूंना किमान सहा फूट मोकळी, मऊ जागा हवी.

झोपाळ्याचं गणित वेगळं आहे. वरचा दांडा जेवढा उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे. दांडा २.४ मीटरवर असेल तर ४.८ मीटर पुढे, ४.८ मागे. वॉकिंग ट्रॅक या पट्ट्यातून जात असेल तर ट्रॅक वळवा. झोपाळा एक वेळ हलवता येतो, पण ट्रॅकवरून पळत येणारं मूल थांबवता येत नाही. दोन झोपाळ्यांमध्ये दोन फूट, आणि झोपाळा व खांब यांच्यात अडीच फूट. एका चौकटीत दोनच झोपाळे. तिसरा लावला की मधलं मूल दोन्हीकडून मार खातं. लाकडी किंवा लोखंडी पाट काढून रबरी पट्ट्याचं आसन लावा.

साखळी वरच्या दांड्याला जिथे टांगलेली असते, तिथला एस आकाराचा आकडा जवळून बघा. शिडीवर चढूनच, खालून दिसत नाही. त्याचं तोंड पूर्ण मिटलेलं हवं. एटीएम कार्डाची कड आत घुसली तर पान्याने आवळा किंवा आकडा बदला, कारण त्या फटीत ओढणीचं टोक किंवा जॅकेटची नाडी अडकते. कडी घासून एक तृतीयांश पातळ झाली की साखळी काढून टाका, वेल्डिंगचा जुगाड करू नका.

डोकं अडकण्याची जागा शोधायला प्लायचे दोन तुकडे कापून घ्या : एक ९ बाय १६ सेंटिमीटरचा आयत, दुसरा २३ सेंटिमीटर व्यासाची गोल चकती. कठड्याच्या गजांमधून किंवा शिडीच्या पायऱ्यांतून आयत जातो पण चकती जात नाही, तर तिथे मुलाचं धड जाईल आणि डोकं अडकेल. असे गज एकतर ९ सेंटिमीटरच्या आत जवळ आणा, नाहीतर जाळी ठोका.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळं प्रकरण आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की दुपारची लोखंडी घसरगुंडी म्हणजे तापलेला तवा. पालकांना सांगा : हाताचा पालथा पंजा पाच सेकंद ठेवता आला नाही तर मुलाला बसवू नका. घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे असेल तर थोडं बरं. नसेल तर मार्च ते जून वर हिरवी जाळी ताणा आणि दुपारी खेळण्याचा भाग बंद ठेवा. ग्रीन जिमच्या, म्हणजे उघड्यावरच्या व्यायामाच्या साधनांच्या, बेअरिंगला दोन महिन्यांतून एकदा ग्रीस, आणि जिथे दोन नळ्या एकमेकींवर घासतात, तिथे बोट अडकणार नाही असं रबरी झाकण.

गेट, कुत्री, पाणी

गेटवर एकच सरळ खांब ठोकून दुचाकी थांबत नाहीत, त्याच्या बाजूने निघतात. दोन आडव्या अडसरांची नागमोडी वाट करा, पण व्हीलचेअर वळेल इतकी जागा सोडा. ९० सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. प्रत्येक गेटवर मोठा क्रमांक रंगवा आणि त्याखाली उद्यानाचं नाव, जवळचा चौक आणि ११२, १०८ हे क्रमांक. घाबरलेला माणूस फोनवर ‘गार्डनमध्ये’ एवढंच सांगतो. ‘गेट क्रमांक २, अमुक ले-आउट’ असं वाचून दाखवता आलं की गाडी थेट पोचते.

भटक्या कुत्र्यांना हाकलून काही होत नाही, नसबंदीच करावी लागते. खाऊ घालण्याची जागा मात्र उद्यानाच्या दारापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर ठरवून द्या; २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तेच आहे. डस्टबिनला झाकण आणि चाटच्या गाड्यांशी रोजच्या उष्ट्याचा हिशोब झाला की कुत्री आणि डुकरं दोन्ही कमी होतात.

तलावाकाठच्या उद्यानात काठापासून तीन मीटरवर कठडा आणि दर पन्नास पावलांवर लाइफ रिंग, तिला २० मीटर दोरी. कुलूपबंद पेटीत ठेवू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठचे ले-आउट पाण्याखाली गेले, हे लक्षात ठेवून नाल्यालगतच्या उद्यानात वीज पॅनल जमिनीपासून निदान पाच फुटांवर घ्या. वादळी पावसात गुलमोहर फांद्या टाकतो. त्याखालचे बाक हलवा. गडगडाट ऐकू आला की उद्यान रिकामं करा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. साप चावला तर जखमेवर चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका. तो पाय किंवा हात हलू न देता मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) नाहीतर मेयो रुग्णालय गाठा.

आता कॅमेरा

एक कॅमेरा प्रत्येक गेटवर, आत येणाऱ्याचा चेहरा समोरून दिसेल असा. मागून उजेड येत असेल तर चेहरा काळा पडतो, म्हणून दिशा संध्याकाळी तपासा. उंची तीन ते साडेतीन मीटर. पाच मीटरवर लावला की फक्त टोप्या आणि टक्कल दिसतं. चार कॅमेरे, प्रत्येकी दोन मेगाबिट प्रति सेकंद या वेगाने, दिवसाला एका कॅमेऱ्याचे सुमारे २२ जीबी होतात. तीस दिवस ठेवायचे तर चारांचे मिळून २.६ टीबी. म्हणून चार टीबीची डिस्क घ्या. रेकॉर्डरचं घड्याळ दर महिन्याला मोबाइलशी ताडून बघा, पोलिसांना फुटेज देताना दहा मिनिटांचा फरक फार महाग पडतो. रात्री कॅमेऱ्याच्या आयआर (इन्फ्रारेड) उजेडाकडे किडे येतात, त्यांच्यामागे कोळी, आणि लेन्ससमोर जाळं. दर आठवड्याला मऊ ब्रशने साफ करा.

बंद करण्याची पद्धतही ठरवून घ्या. वेळेच्या अर्धा तास आधी शिटी, मग चौकीदाराने सर्वांत दूरच्या कोपऱ्यापासून गेटकडे चालत यायचं, स्वच्छतागृहाची दोन्ही दारं उघडून आवाज द्यायचा, आणि शेवटी कुलूप. उलट, म्हणजे गेटकडून आत, असं केलं की कुणीतरी आत राहून जातंच. मूल हरवलं तर आधी गेटवर माणूस उभा करायचा, शोध त्यानंतर. कुलपाची दुसरी किल्ली शेजारच्या ज्या घरात ठेवाल, त्या घराचा फोन नंबर चौकीदाराच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवा, त्याच्या मोबाइलमध्ये नव्हे.