हरिश्चंद्रगडावर तारे बघायला जाताय? आधी पंचांग काढा

पुण्यातली मंडळी ट्रेक ठरवताना आधी शनिवार-रविवार शोधतात. तारे बघायचे असतील तर आधी तिथी शोधा. कृष्ण द्वादशीपासून शुक्ल तृतीयेपर्यंतची कुठलीही रात्र चालते. द्वादशीनंतर चंद्र उगवतो तोच पहाटे, आणि तृतीयेचा संध्याकाळीच मावळतो. त्यामुळे घरात कोणी ‘अमावास्येला बाहेर नको’ म्हणालं तर वाद घालू नका, प्रतिपदेला निघा. आकाशाला काही फरक पडत नाही. महिना डिसेंबर किंवा जानेवारी. पावसाळ्यात गड देखणा असतो, पण वर ढगांशिवाय काही दिसत नाही.

वाट पाचनईची घ्या. नारायणगाव, आळेफाटा, पुढे ब्राह्मणवाडा-कोतूळमार्गे गाडी थेट पायथ्याशी जाते आणि दोन-अडीच तासांत वर पोहोचता येतं. खुबी फाट्यावरून खिरेश्वर आणि तोलार खिंड ही वाट जास्त सुंदर, पण लांब आहे. पाठीवर तंबू घेऊन ती चढलेला माणूस नऊ वाजता घोरतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. दुपारी तीनच्या आत चढायला लागा. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून प्रवेश शुल्क भरतानाच मुक्कामाचे सध्याचे नियम विचारून घ्या. शेकोटी नकोच. जंगलाचा प्रश्न आहेच, शिवाय धूर आणि उजेड दोन्ही आपल्याच डोळ्यांत जातात.

जेवणाचं ओझं नेऊ नका. गावात आधी सांगून ठेवलं की पिठलं-भाकरी मिळते. पाणी मात्र माणशी तीन लिटर असू द्या. कानटोपी, जाड मोजे आणि खाली अंथरायला फोमची मॅट घ्या, कारण तुम्ही तासन् तास उताणे पडून राहणार आहात आणि कातळ भयंकर गार पडतो.

टॉर्चवर लाल जिलेटिन कागद रबराने बांधा. अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि कोणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुर्बीण साधी १० × ५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) पुरते. टेलिस्कोप वर नेण्याचा हट्ट कोणी केला तर त्यालाच उचलायला लावा.

सूर्यास्त कोकणकड्यावर बघा आणि उजेड आहे तोवरच मागे फिरा. अंधारात कड्याकडे जायचं नाही, फोटोसाठीही नाही. तिथे तंबूंची गर्दी आणि स्पीकरही असतात. देवळापासून जरा बाजूचा मोकळा कातळ त्यापेक्षा बरा.

सुरुवात ध्रुवापासून करा. उत्तरेला हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा, त्यांच्या जरासा वर-खाली तो सापडेलच. ध्रुवाची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश, इथे साधारण १९ अंश. मग डोक्यावर देवयानी हा तारकासमूह. त्यातला पुसट ढगासारखा ठिपका म्हणजे दुसरी दीर्घिका, म्हणजेच गॅलॅक्सी. तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात. मुलांना तिचा फोटो आधी दाखवू नका, नाहीतर ‘एवढंच?’ म्हणतात. नऊनंतर कृत्तिका, रोहिणी आणि मृग. दुर्बीण मृगाच्या तीन ताऱ्यांच्या खाली न्या, तिथल्या धूसर डागात नवे तारे जन्माला येताहेत.

मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला बघा. व्याधाच्या बरंच खाली, क्षितिजापासून पुन्हा दोनच मुठींवर अगस्त्य असतो. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा हाच, पण कोथरूडमध्ये तो कायम समोरच्या सोसायटीच्या मागे असतो. माझ्या मते रात्रभर जागण्याचं खरं कारण हा एकच तारा आहे. १३-१४ डिसेंबरच्या आसपास अमावास्या आली तर मिथुनेतला उल्कावर्षावही मिळतो. त्याला दुर्बीण लागत नाही, नुसतं पडून राहायचं.

गाडी कोण चालवणार हे पुण्यातच ठरवा. त्याला अगस्त्य दाखवा आणि झोपायला पाठवा. सप्तर्षी पूर्ण वर यायला मध्यरात्र उलटते, ते बाकीच्यांनी बघावेत.