मिठाच्या पाण्यातले मोठे भोवरे

द्विमितीय टर्ब्युलन्स, म्हणजे एका पातळ थरातच भोवरत राहणारा विस्कळीत प्रवाह, म्हटलं की एमएस्सीची मुलं थेट लॅपटॉप उघडतात. सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) करा की, पण माझ्या प्रॅक्टिकलला आधी ट्रे भरायचा.

ट्रे ॲक्रिलिकचा, २० सेंटिमीटर चौरस. बूड पातळ हवं, कारण चुंबकापासून वर गेलं की चुंबकीय क्षेत्र झपाट्याने घटतं. खाली लोखंडी पत्र्यावर १२ मिलिमीटर व्यासाचे निओडिमियम चुंबक अडीच-अडीच सेंटिमीटरवर मांडा, बुद्धिबळाच्या पटासारखे: एकाचा उत्तर ध्रुव वर, शेजारच्याचा दक्षिण. पत्र्याशिवाय ते एकमेकांवर झेपावतात आणि मध्ये सापडलेल्या बोटाला चांगलाच चिमटा बसतो.

लिटरला १०० ग्रॅम मीठ घालून त्यातलं २०० मिलिलिटर पाणी ओता. थर ५ मिलिमीटरचा होतो. गवंड्याची लेव्हल लावून ट्रे समपातळीत आहे ना ते बघा. समोरासमोरच्या दोन बाजूंना ग्राफाइटच्या पट्ट्या लावा आणि १२ व्होल्टच्या डीसी सप्लायने अर्धा अँपिअर सोडा. घरच्या प्लगमधली वीज थेट पाण्यात कधीही नाही! धन बाजूला क्लोरीन सुटतो, तेव्हा खिडक्या सताड उघड्या.

वर टाल्कम पावडर भुरभुरवा, चिमूटभरच. जास्त झाली तर पापुद्रा धरतो. ट्रेला साबणाचा अंश राहिला असेल तर पावडर बुडते. रंग टाकू नका. फोटो छान येतात, पण वेग कळत नाही.

वीज आडवी आणि चुंबकीय क्षेत्र उभं, म्हणून बल पाण्याच्या पातळीतच लागतं, शेजारच्या चुंबकांवर उलटसुलट. त्यातून लहान भोवऱ्यांची जाळी उभी राहते. अर्धा मिनिट सप्लायची दिशा मनाला येईल तशी उलटवत राहा, जाळी मोडेल. मग स्विच बंद करा आणि वरून मोबाइलने व्हिडिओ घ्या.

पाहायचं ते आता. एकाच दिशेने फिरणारे दोन भोवरे जवळ आले की एकमेकांभोवती गिरक्या घेतात, बारीक शेपट्या सोडतात आणि एक होतात. उलट दिशेचे मिसळत नाहीत, ते जोडीने दूर निघून जातात. भोवरे कमी होत जातात, उरलेले मोठे होतात.

त्रिमितीत भोवऱ्याची नळी ताणली जाते, बारीक होऊन जोरात फिरते आणि ऊर्जा लहान आकारांकडे उतरते. इथे ताणायला तिसरी दिशाच नाही. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेक्नन यांनी १९६७ मध्ये दाखवलं, की त्यामुळे ऊर्जा मोठ्या आकारांकडे चढते आणि व्हॉर्टिसिटीचा (पाणी जागच्या जागी किती जोरात फिरतं त्याच्या मापाचा) वर्ग बारीक तंतूंकडे जातो. त्या शेपट्या म्हणजे हेच तंतू. १९८४ मध्ये जेम्स मॅकविल्यम्स यांच्या सिम्युलेशनमध्ये निव्वळ विस्कळीत सुरुवातीतून असे सुटे, टिकाऊ भोवरे निघाले.

खरी गोम थराच्या जाडीत आहे. बुडाच्या घर्षणाने ५ मिलिमीटरचा थर दहाएक सेकंदांत मंदावतो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट मिळतो, पण पाणी वरखाली हलायला लागतं आणि मग कसली द्विमिती! पॅरिसमध्ये पात्रिक तबेलिंग यांच्या गटाने १९९० च्या दशकात दोन थर वापरले: खाली खारट, जड, वर कमी खारट, हलका. वरखालीची हालचाल त्याने दबते. करून बघायचं असेल तर वरचं पाणी फिल्टर पेपरच्या तुकड्यावर थेंबथेंब सोडा. घाई केली की थर मिसळतात.